हात थांबतात तिथे

९ फेब्रुवारी

बडबडे,

‘सौ.’ लिहिता येत नाही, ‘चि.’ लिहिलं तर तू हसशील, आणि ‘सूनबाई’ म्हणायचा हक्क कोर्टाने गेल्या महिन्यात काढून घेतला. म्हणून तू या घरात आलीस तेव्हापासून ज्या नावाने हाक मारत आले तेच लिहिते. त्यावर कुठल्या वकिलाने बोट ठेवल्याचं ऐकिवात नाही.

फोनवर पाठवलेलं तू उघडत नाहीस, हे मला दिसतं. रागावले नाहीये. कॉन्व्हेंट शाळेत शिवण शिकवणाऱ्या आमच्या सिस्टर सांगायच्या, बोलणं अडलं की कागद घ्यावा. कागद दारात उत्तर मागत उभा राहत नाही. म्हणून हे पत्र. न वाचता कपाटात टाकलंस तरी माझं अक्षर तुझ्या घरात राहील, तेही काही कमी नाही.

इथे सगळं ठीक. चिरंजीव वेळेवर जेवतात, वेळेवर ऑफिसला जातात, आणि बोलता बोलता तुझं नाव जवळ आलं की पाणी प्यायला उठतात. हल्ली फार पाणी पितात.

मला लिहायचंय ते आपल्या चॅनलवरच्या रफूमावशीबद्दल. लोकांना अजून वाटतं, ती एकच बाई आहे. शिरा वर आलेले हात आणि तो घोगरा, मिस्किल आवाज एकाच अंगाचे आहेत असं समजून ते लिहितात, ‘मावशी, आवाज बंद का? घसा बसलाय का?’ आता त्यांना काय सांगू, की घसा दुसऱ्या गावाला गेलाय?

तू गेल्यावर मी तीन-चार व्हिडिओ मुकेच टाकले. मोज्याची टाच, उशीच्या अभ्र्याचा कोपरा, शाळेच्या दप्तराचा पट्टा. मी बोलून पाहिलं नाही असं समजू नकोस. पण मायक्रोफोन दिसला की मी पाचवीतल्या वक्तृत्वस्पर्धेत उभी राहते, हात मागे बांधून. म्हणून तर आपण सुरुवातीला ही वाटणी केली होती. हात माझे, तोंड तुझं. ‘मी आता सुई घेते,’ तू म्हणायचीस, आणि सुई मी घ्यायचे. कॅमेरा बंद झाला की ‘अहो आई, चहा टाकू?’ आणि मग कुठे आपण पुन्हा दोघी व्हायचो.

मुके व्हिडिओ बघतात लोक, पण तक्रार करतात. एकाने लिहिलंय, ‘हात मध्येच थांबतात आणि काहीच होत नाही. नेट गेलं की काय असं वाटतं.’ मी पुन्हा पाहिलं. खरंच थांबतात. का, ते माझं मलाच कळेना. वय, दुसरं काय.

हिरव्या स्वेटरचं कोपर तसंच आहे. उभे धागे भरून झालेत, आडव्याची सुई टोचून ठेवलेली. तू म्हणत होतीस, ‘आता आडवा धागा घेताना...’ आणि दाराची बेल वाजली, तुझे ते कोर्टाचे कागद आले, आणि वाक्य तिथेच राहिलं. कॅमेरा चालू होता. त्यात नुसते माझे हात दिसतात, स्वेटर धरून वाट बघणारे. तो व्हिडिओ मी टाकला नाही, पुसलाही नाही.

आणखी एक. सुया-धागे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं पत्र आलंय. त्यांना रफूमावशी वर्षभरासाठी हवी आहे. आवाजासकट. चिरंजीवांनी त्यावर एक तोडगा सुचवलाय. तो आज लिहीत नाही.

तुझी,
(इथे काय लिहायचं ते सुचेना. जागा सोडते.)


२६ फेब्रुवारी

बडबडे,

मी शाळेत जायला लागले. हसू नकोस.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक वर्ग भरतो. आपल्यासारखे इंटरनेटवर काहीबाही करून दाखवणारे लोक येतात, आणि हे काम धंदा म्हणून टिकवायचं कसं ते शिकतात. वर्ग म्हणजे एक लांब टेबल, एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या आणि घोरणारा पंखा. शिकवणारी मुलगी तुझ्याच वयाची असेल. केसांत पेन्सिल खोचते आणि मग सगळ्यांना विचारत सुटते, माझी पेन्सिल कोणी पाहिली का. मला ती तेवढ्यानेच आवडली.

पहिल्याच दिवशी म्हणाली, ‘नवशिक्यांना शिकवायला सगळे टपलेले असतात. वर पोचलेल्यांच्या हाताखाली माणसं असतात. तुम्ही मधल्या पायरीवरचे. तुम्हाला ओळखणारे पुष्कळ, पण पुढच्या महिन्यात काय होणार ते तुमचं तुम्हाला माहीत नाही.’

‘म्हणजे आम्ही त्रिशंकू,’ सायकली दुरुस्त करून दाखवणारा माणूस म्हणाला.

‘त्रिशंकूला वर ढकलायला निदान कोणीतरी होतं,’ कुंड्यांतल्या बागेवाल्या बाई म्हणाल्या. या बाई आपल्या दोघींच्या दोस्त व्हाव्यात अशा आहेत.

बरंच शिकले. आपला चॅनल म्हणजे भाड्याचं घर. भिंतींना कितीही रंग दिलात तरी मालकाने उद्या कुलूप बदललं की आपण रस्त्यावर. म्हणून ज्यांना आपलं काम खरंच हवंय त्यांचे पत्ते आपल्याजवळ असावेत, आणि महिन्यातून एकदा आपण होऊन त्यांना पत्र पाठवावं. मी म्हटलं, एवढं एक मला येतं. मग, एका खुंटीवर सगळे कपडे टांगू नयेत. थोडी वर्गणी देऊन नेमाने येणारे सभासद असले, जोडीला रफूचे नमुने घरी छापून घेता येतील असे विकायला ठेवले, महिन्यातून एक शिकवणी घेतली, की एखादी खुंटी निखळली तरी पदर जमिनीला लागत नाही. आणि कोणाचाही करार हातात आला की ‘हक्क’ हा शब्द शोधायचा, आणि सापडला की चष्मा पुसून पुन्हा वाचायचा.

मग तिने विचारलं, ‘तुमच्याबरोबर कामाला कोण आहे?’

मी म्हटलं, ‘सून. म्हणजे होती. म्हणजे ती आहे, सून नाहीये.’

गणित शिकवणारे एक मास्तर आहेत, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘कामात तिचा वाटा किती?’

‘अर्धा.’

‘लिहून ठेवलंय?’

‘सासू-सुनेत?’

सगळे हसले. बागेवाल्या बाई म्हणाल्या, ‘का हो, माझ्या सुनेने तर ओट्यावर लिहून लावलंय, झाकण उघडणाऱ्याने झाकण लावावं. फार शांतता आहे तेव्हापासून.’

हसणं ओसरल्यावर त्या मुलीने आपला मोज्याच्या टाचेचा व्हिडिओ भिंतीवर लावला. मोठ्ठा. माझी नखं ताटाएवढी. ती म्हणाली, लोक तुमच्याकडे कशासाठी येतात ते आपण शोधू. सगळे बघत होते. मध्येच हात थांबले. पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

‘काकू, इथे हात का थांबले?’ सायकलवाल्याने विचारलं.

आणि मला तिथे, सगळ्यांसमोर, कळलं. मी म्हटलं, ‘इथे ती बोलायची.’

कोणी हसलं नाही. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि उगीचच चष्मा पुसला.

बडबडे, मी थांबत होते ते तुझ्या विनोदासाठी. सुई कापडाखाली गेली की तू काहीतरी बोलणार, मला हसू येणार, हात हलणार, म्हणून मी हात आधीच थांबवून ठेवायचे. तू गेलीस, ती सवय गेली नाही. लोकांना वाटलं नेट गेलं.

आता तो तोडगा सांगते. चिरंजीव म्हणतात, तिच्या आवाजाचा एवढा साठा आपल्याकडे आहे, संगणकाला तो ऐकवला की पाहिजे ते तिच्या आवाजात बोलून देतो. ‘तिला त्रास द्यायलाच नको, आई.’ हे तो तुझं वाईट चिंतून म्हणत नाही. कोणाला त्रास न देता सगळं उरकावं, हा त्याचा स्वभावच. तुला तर ठाऊक आहे. त्याच स्वभावाने तुमचा संसारही उरकला.

मी अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही.

तुझी,
(अजून जागाच)


१७ मार्च

बडबडे,

काल तुझ्या आईला फोन केला. तू म्हणशील, हा चोरटेपणा झाला. झाला तर झाला. विहिणी-विहिणींचं नातं मोडायला कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो आम्ही दोघींनीही केलेला नाही.

पहिल्यांदा आम्ही गुडघ्यांवर बोललो. मग म्हणाल्या, ‘दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांशी गोड बोलते, सगळे नाव काढतात. घरी आली की तोंडातून चकार शब्द नाही. जेवते, भांडी घासते, झोपते. परवा मी मुद्दाम तिच्या पुढ्यात साखरेऐवजी मिठाचा चहा ठेवला. पिऊन उठली हो.’

आणि त्या रडायला लागल्या, आणि मी इकडे फोन कानाला लावून नुसती ‘हं, हं’ करत बसले.

तेव्हापासून कंपनी, करार, सभासद, सगळं मला कुठेतरी लांब ऐकू येतंय. चॅनल राहो नाही तर जावो. मिठाचा चहा पिऊन तू गप्प बसलीस, हे मला पेलवत नाही. तू तर आंघोळीच्या पाण्याशी बोलणारी बाई.

आता दुसरी गोष्ट. ती सांगावी की नाही, याचा फार विचार केला. खिडकीत पाखरू येऊन बसलं तर त्याच्याकडे बघू नये, म्हणतात.

आज सकाळी दप्तराच्या पट्ट्याचा व्हिडिओ उघडला तर खाली अक्षरं उमटत होती. मी काही ती घातली नव्हती, आणि चिरंजीवांना पट्टा आणि नाडी यांतला फरक कळत नाही. प्रत्येक टाक्याची नीट माहिती. आणि जिथे हात थांबतात तिथे दुसरंच काही.

‘मावशी चष्मा शोधतेय. चष्मा डोक्यावर आहे.’

‘ही सुई माहेरची आहे, म्हणून तिचा रुबाब.’

मी खुर्चीत बसून इतकी हसले की चिरंजीव दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन बघायला आले. मग शेवटचं थांबणं आलं. तिथे लिहिलं होतं, ‘हात थांबलेत, कारण त्यांना वाटतंय कोणीतरी काहीतरी बोलेल.’

चॅनलची किल्ली अजून तुझ्याकडे आहे. मी ती बदललेली नाही, बदलणारही नाही. कोण आत आलं होतं ते मी विचारत नाही. लोकांनी मात्र खाली लिहिलंय, ‘मावशी परत आली.’

मला ‘अहो आई’ म्हणणारं आता कोणी नाही, हे लिहिणार नव्हते. लिहून झालं. मार्जिनच्या बाहेर गेलं असं समज.

तुझी,


५ एप्रिल

बडबडे,

कंपनीची माणसं येऊन गेली. एक मुलगी आणि एक नुसता मान हलवणारा गृहस्थ. मी चांगली साडी नेसले होते आणि खुर्चीच्या रफू केलेल्या हातावर मुद्दाम कोपर टेकवलं नाही, तो रफू दिसावा म्हणून. सिस्टर म्हणायच्या, काम दिसावं, काम करणारीने दिसायची घाई करू नये.

पण त्याच्या आधीचं सांगते. त्या सकाळी चिरंजीव म्हणाले, ‘आई, नमुना तयार केलाय, फक्त ऐक. नको असेल तर नको.’ आणि त्याने त्या हिरव्या स्वेटरचं चित्रण लावलं, तेच, माझे हात वाट बघत असलेलं. त्यावर तुझा आवाज आला.

अगदी तुझा. तोच घोगरेपणा, ‘आता’ म्हणताना तो जरा ओढलेला आ. माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. तो आवाज म्हणाला, ‘आता आडवा धागा घेताना प्रत्येक वळणावर घट्ट ओढून घ्यावा, म्हणजे रफू पक्का बसतो.’

मी विचारलं, ‘हा मजकूर कोणी लिहिला?’

‘मीच. का?’

‘घट्ट ओढत नाहीत रे.’

‘म्हणजे?’

‘वळणावर धागा सैल सोडतात. कानासारखं बारीकसं वेटोळं राहील इतका. नवा धागा धुतल्यावर आकसतो. घट्ट ओढलेला असला तर आजूबाजूचं शाबूत कापडही गोळा होऊन फाटतं. ती हे दर वेळी सांगायची. वर्षानुवर्षं याच खोलीत, तू पलीकडे जेवत असताना सांगायची.’

या वेळी तो पाणी प्यायलाही उठला नाही. चित्रण तिथेच थांबवून म्हणाला, ‘मी कधी ऐकलंच नाही, नाही का.’ तो कशाबद्दल म्हणत होता ते मी विचारलं नाही. माझं लेकरू आहे ते, बडबडे. तुला त्याची बाजू सांगायला हे लिहीत नाहीये. फक्त, त्याने तो आवाज स्वतःच्या हाताने पुसला. मी सांगितलं नव्हतं.

मग कंपनी आली. मी बोलायला लागले आणि ती मुलगी थबकली. ‘तुमचा आवाज जरा वेगळा वाटतो.’

‘वेगळाच आहे. तो माझा नव्हे.’

मग सगळं सांगितलं. हात एकीचे, आवाज दुसरीचा. मान हलवणाऱ्या गृहस्थाची मान थांबली.

मुलगी हुशार होती, वाईट नव्हती. म्हणाली, ‘हे लोकांना सांगायची काही गरज नाही. आवाजाची सोय आम्ही करू. आजकाल फार सोपं आहे.’

मी म्हटलं, ‘सोपं आहे, ते मी सकाळीच ऐकलं. ज्या बाईचा आवाज आहे तिला विचाराल का?’

‘त्या कुठे आहेत?’

‘ती सध्या बोलत नाही.’

‘मग कसं करायचं?’

‘मग नाही करायचं.’

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मला वाटलं तूच बोललीस. त्यांनी चहा घेतला, खुर्चीच्या रफूचं कौतुक केलं आणि गेले. जिन्यात ती मुलगी त्या गृहस्थाला म्हणत होती, ‘सासू-सुनेचं प्रकरण दिसतंय.’ दिसतंय खरं.

वर्गात सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, ‘तुम्ही मोठी संधी घालवलीत.’ मला तेच वाटत होतं, जिन्यापर्यंत तरी. गेलेल्या गोष्टीचं दुःख होतं, उगीच नाही कशाला म्हणू. पण पेन्सिलवाल्या मुलीने विचारलं, ‘पत्ते किती जमले?’ आणि आम्ही कामाला लागलो.

तुझी,


२ मे

बडबडे,

मी बोलले. मायक्रोफोनसमोर, हात मागे न बांधता. बांधणार कसे, हातात मोजा होता.

फार वाईट बोलले. ‘नमस्कार प्रेक्षकहो’ असं म्हणाले. चिरंजीव कॅमेऱ्यामागे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. पण मग मी खरं सांगितलं. की रफूमावशी म्हणजे आम्ही दोघी. मी अर्धी आहे. दुसरी अर्धी सध्या इथे नाही आणि ती कधी येईल ते मला ठाऊक नाही. तिला कोणी विचारू नये, शोधू नये. तोवर मी जमेल तेवढं शिकवीन. माझं बोलणं सहन होत नसेल त्यांनी आवाज बंद करावा, हात पूर्वीचेच आहेत.

काही लोक रागावून निघून गेले. त्यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि त्यांचं चूक नाही. पण बरेच राहिले. महिन्याच्या पत्राला पत्ते आले, वर्गणी देणारे सभासद मिळाले, एका वसतिगृहाच्या बाईंनी त्यांच्या मुलींसाठी शिकवणी मागितली. गाजावाजा नाही, पण घराचं आणि धाग्याचं भागतंय. सायकलवाला म्हणतो, त्रिशंकूने तिथेच खोली घेतली.

सोबत एक कागद आहे. दचकू नकोस, कोर्टाचा नाही. मास्तरांनी मसुदा केलाय, मी माझ्या अक्षरात उतरवलाय. त्यात एवढंच आहे की चॅनल आणि त्यातून येणारं सगळं दोघींचं, निम्मं निम्मं. तू काम कर किंवा करू नकोस. आणि तुझ्या आवाजाचं काय करायचं ते फक्त तू ठरवायचंस, मी नाही, माझ्या पोटचा पोर नाही, कुठलं यंत्र नाही.

सही केलीस तर आपण भागीदार. नाही केलीस तरी मी माझी केली आहे.

या कागदात सासू हा शब्द नाही, सूनही नाही. वाचून बघितलं तेव्हा जरा पोकळ वाटलं. मग वाटलं, बरंच झालं. ते शब्द तुझ्यामाझ्यात दुसऱ्या कोणामुळे आले होते आणि त्याच्यामुळेच गेले. हातांचं आणि आवाजाचं आपणच ठरवलं होतं.

एक मागणं आहे. माझ्याशी बोल असं म्हणत नाही. तुझ्या आईशी बोल. नाही तर आंघोळीच्या पाण्याशी. सिस्टर शिकवायच्या, रफू भोकापासून सुरू करत नाहीत. भोकाच्या बाहेर, कापड जिथे शाबूत आहे, तिथे पहिला टाका घालतात. तुझ्यात शाबूत काय आहे ते मला माहीत आहे. तेच तर मी इतकी वर्षं हसत ऐकलं.

तुझी,


२४ मे

बडबडे,

रविवारी दुपारी तुझी फाईल आली. नाव नुसतं ‘कोपर’. चित्र नाही, फक्त आवाज. मला वाटलं चिरंजीवांनी पुन्हा काही केलं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो दारात उभा होता, हातात पाण्याचा पेला. त्याने मान हलवली. तो नव्हता.

आधी घसा खाकरल्याचा आवाज. मग खुर्ची ओढल्याचा. मग तू.

‘...आडवा धागा घेताना घाई करायची नाही. वळणावर जरासा सैल सोडायचा. धुतल्यावर तो आकसतो, त्याला आकसायला जागा ठेवायची.’

आणि शांत. कितीतरी वेळ. मला वाटलं बिघडलं. कुठेतरी लांब भांडं पडल्याचं ऐकू आलं, तुझ्या आईचं स्वयंपाकघर असणार. मग तू म्हणालीस, ‘आता दुसरी ओळ. एक धागा वरून, एक खालून.’ आणि पुन्हा शांत.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठले, कपाटातून तो हिरवा स्वेटर काढला. सुई त्यातच होती. टेबलाशी बसले आणि चिरंजीवांना म्हटलं, ‘पहिल्यापासून लाव.’

तू बोललीस, मी सुई उचलली. तू गप्प झालीस, मी ओळ भरली. धाग्याचं टोक कापडातून बाहेर येतंय तोच तू म्हणालीस, ‘आता दुसरी ओळ.’ बडबडे, एक ओळ भरायला माझ्या हातांना जेवढा वेळ लागतो बरोबर तेवढीच तू गप्प बसली होतीस. समोर स्वेटर नसताना, हात नसताना. मी तुझ्या बोलण्यासाठी थांबत होते आणि तू तिकडे माझ्या हातांसाठी थांबलीस.

ते पाणी तो प्यायला नाही. शेवटपर्यंत दारात उभा राहून त्याने ऐकलं. मध्ये एकदा तू त्या माहेरच्या सुईचं काहीतरी म्हणालीस तेव्हा तो हसला, आणि मग आत गेला.

शेवटच्या ओळीला धागा संपला. नवा ओवायला घेतला तर सुईचं नेढं दिसेना. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. तू पुढे निघून जाशील म्हणून माझी धांदल उडाली. टेबलावर चाचपडले, पुस्तकांच्या मागे पाहिलं, साडीत पाहिलं. तू गप्पच होतीस. त्या जागी ओळ भरायची नव्हती, टाका घ्यायचा नव्हता, तरी गप्प होतीस. मग हळूच म्हणालीस, चॅनलवर आजवर कधी म्हणाली नव्हतीस असं,

‘अहो आई, चष्मा डोक्यावर आहे.’

हात वर नेला. होता.

तुझे,
हात